सोळा घटका

मी एक जुने पंचांग आहे. मित्रांनो, जुने भांडे कल्हई लावून पुन्हा चुलीवर चढते, जुने पुस्तक कोणीतरी निदान चाळून पाहते. पण जुन्या पंचांगाला कोण विचारतो? वर्ष सरले की आमचे काम सरले. म्हणून मी फार अपेक्षेने बोलत नाही. नीट सांगता येईल की नाही, याचीही मला खात्री नाही. माझ्या अंगावर आकडेच जास्त, शब्द थोडे.

माझा जन्म काशीतल्या एका बोळातल्या छापखान्यात झाला. गुलाबी वेष्टन, त्यावर जरा तिरका छापला गेलेला गणपती आणि आत वर्षभराचा चंद्र. सूर्य सरळमार्गी, महिनाभर एका राशीत राहतो, त्याचा हिशेब सोपा. चंद्र मात्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो आणि जवळजवळ रोज नक्षत्र. शिवाय कधी वाढतो, कधी झिजतो. त्याच्या मागावर राहायचे म्हणजे रोजची एक ओळ हवी: आज तिथी अमुक, इतक्या घटकांपर्यंत, नक्षत्र अमुक, इतक्या घटकांपर्यंत, चंद्र अमुक राशीला. घटका म्हणजे तुमची चोवीस मिनिटे. आमच्या घटका सूर्योदयापासून मोजतात. काशीच्या सूर्योदयापासून. ही गोष्ट माझ्या पहिल्याच पानावर छापलेली होती, पण पहिले पान कोण वाचतो?

मला टपालाने पाठवले गेले. कलकत्ता, मग सिडनी, मग सुवा, आणि तिथून लहान बोटीने लबासाला, पार पूर्वेकडच्या समुद्रातल्या एका उसाच्या बेटावर. मी चैत्रात सुरू होतो. पोचलो तेव्हा आषाढ लागला होता. उसाच्या चिपाडांचा गोडसर, आंबूस वास नाकात शिरला आणि कोणीतरी दोरी तोडून मला कपाळाला लावले. माझे तीन महिने वाटेतच मरून गेले होते, तरी त्यांनी मला हळदकुंकू वाहिले.

ते होते पंडित सरजूदत्त. त्यांचे वडील गिरमिटावर, म्हणजे पाच वर्षांच्या मजुरीच्या करारावर, ऊस तोडायला आले होते आणि मजुरांच्या चाळीतच त्यांनी मुलाला चार मंत्र आणि पंचांग वाचणे शिकवले. सरजूदत्तांनी काशी कधी पाहिली नव्हती. माणूस मऊ स्वभावाचा, आवाज त्याहून मऊ. नदीकाठच्या साऱ्या वस्तीला तेच एक पंडित आणि त्यांना मीच एक. लोक मला पत्रा म्हणत. बी कधी टाकायचे, जावळ कधी काढायचे, बोटीत कधी पाय ठेवायचा, सगळे मला विचारून. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

एकच गोष्ट खटके. द्वितीयेला बायका सांजवेळी अंगणात उभ्या राहत, चंद्रकोर पाहून उपास सोडायला. कोर दिसेच ना. एकदा वस्तीतल्या जोखनची बायको मुंगिया म्हणाली, "पंडितजी, पत्र्यात चंद्र आहे, आभाळात नाही. आता हात जोडायचे कुणाला?"

"ढग असतील गं."

"कुठं आहेत ढग? इथल्या चंद्राला वाचता येत नाही वाटतं."

सगळ्या बायका हसल्या. पंडितही हसले. माझ्या शेवटच्या पानावर गावांचा एक तक्ता होता: कलकत्ता, लाहोर, काठमांडू, रंगून; प्रत्येकापुढे इतक्या घटका अधिक किंवा उणे. पंडितांना वाटे, ही मी जिथे जिथे विकला जातो त्या गावांची यादी आहे. त्यांनी ते पान कधी उघडलेच नाही म्हटले तरी चालेल.

मित्रांनो, आता मला त्या दिवसाचे सांगायचे आहे.

मुंगियाला तीन मुलगे होते. चौथ्या खेपेला मुलगी झाली. तीन मुलांच्या पाठीवरची मुलगी घरात राज्य आणते, असे ती माणसे मानतात. तिचे नावही त्यावरूनच ठेवतात, तेतरी. साखर कारखान्याचा दहाचा भोंगा झाला आणि ती रडली. सूर्य उगवून दहा घटका झाल्या होत्या. जोखन धावत पंडितांकडे आला, ओल्या पायांनी, हसत.

पंडितांनी माझे पान काढले. माझी ओळ अशी होती: पुष्य, घटका चार. म्हणजे सूर्योदयानंतर चार घटकांपर्यंत चंद्र पुष्य नक्षत्रात, पुढे आश्लेषात. रास कर्क. पंडितांचे बोट त्या चारवर थांबले.

"जोखनभाई, बसा जरा."

"का? काय झालं?"

"पुष्य चार घटकांनाच संपलं. पोर आश्लेषावर आली."

जोखनचे हसू तिथेच विझले. आश्लेषाची देवता सर्प, म्हणून त्या नक्षत्राची मुलगी सासूच्या मुळावर येते, असे वस्तीत लहान पोरही सांगे. सत्तावीस दिवसांनी चंद्र फिरून त्याच नक्षत्रात येईल, त्या दिवशी शांत करायची आणि तोवर बापाने मुलीचे तोंड पाहायचे नाही. तसेच झाले. शांत झाली, ब्राह्मणभोजन झाले. पण शिक्का काही पुसला गेला नाही.

मी ओरडत होतो. पण छापलेल्या कागदाचे ओरडणे कोणाला ऐकू येते? मी म्हणत होतो, अहो, या चार घटका काशीच्या! तुमचा सूर्य काशीच्या आधी सोळा घटका उगवतो. तुमच्याकडे पुष्य वीस घटकांपर्यंत आहे. पोर दहाव्या घटकेला आली. ती पुष्याची आहे, साऱ्या नक्षत्रांत जे शुभ मानता, त्या पुष्याची!

वर्ष संपले. मला लोखंडी पेटीत ठेवले गेले, कारण त्या वर्षी जन्मलेल्यांच्या पत्रिका पाहायला मी लागणार होतो. माझ्यावर एकेक करून सोळा भावंडे येऊन पडली. अंधारात झुरळांनी माझा गणपती खाल्ला. पेटीबाहेरचे मात्र मला ऐकू येई. बुलिलेकाहून तेतरीला एक स्थळ आले. मुलाची आई पंडितांच्या ओट्यावर बसून म्हणाली, "मला सून हवी, सर्पीण नको." दुसऱ्या स्थळाची आई नक्षत्र ऐकल्याबरोबर खोकायलाच लागली. "बघा, नुसतं नाव काढलं तर घसा धरला!"

शेवटी तवेउनी बेटावरचा शिवटहल नावाचा नारळवाला सापडला. वय अठ्ठेचाळीस, दोन बायका वारलेल्या, मोठा मुलगा तेतरीपेक्षा दांडगा. पण आई कधीच वारलेली. जोखन म्हणाला, "सासूच नाही, म्हणजे पोरगी खाणार कुणाला?" आणि आपल्याच विनोदावर तो हसला नाही.

लग्नाला नऊ दिवस उरले होते. पंडितांनी मला पेटीतून काढून माझ्यावरची झुरळांची घाण पुसली. पत्रिका पुन्हा एकदा पडताळायची होती. तेवढ्यात तेतरी दह्याचे मडके घेऊन आली. सोळा सरून सतरावे लागलेले, पाचवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी मुलगी.

"हाच माझा पत्रा?" तिने विचारले.

"हाच."

ती उकिडवी बसून माझ्याकडे पाहू लागली. माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

"पंडितजी, हा सूर्योदय कुठला लिहिलाय?"

"कुठला म्हणजे? सूर्य काय दहा आहेत?"

"नाही, पण हा काशीत छापलाय ना? शाळेत मास्तरांनी चेंडू आणि कंदील घेऊन दाखवलं होतं. आपण सकाळी भाकरी खातो तेव्हा काशीत लोक अजून घोरत असतात."

"मास्तरला काय, कंदील मिळाला की..." पंडित बोलता बोलता थांबले. त्यांची बोटे आपोआप माझ्या शेवटच्या पानाकडे गेली. कलकत्ता, पूर्वेला, घटका अधिक. रंगून, आणखी पूर्वेला; आणखी अधिक. ती यादी विक्रीची नव्हती. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. रंगूनच्या पुढे समुद्र, मग आणखी समुद्र. चौदा, पंधरा, सोळा.

मडक्यावर माशी बसली होती. तिला कोणी हाकलले नाही.

"मग मी आश्लेषाची नाही?" तेतरीने हळूच विचारले.

"नीट पाहावं लागेल, पोरी. तू जा आता."

त्याच दुपारी पंडितांनी मला काखेत घट्ट धरले आणि जोखनच्या घरी गेले. मुंगिया कणीक मळत होती.

"या, पंडितजी. मांडवाचं विचारताय? बांबू आले," जोखन म्हणाला.

"बांबूचं नाही. तेतरीचं नक्षत्र... माझ्याकडून चूक झाली असावी."

"असावी की झाली?"

"झाली. पोर पुष्याची आहे."

मुंगियाचे हात कणकेत थांबले. जोखनने यंगोनाची, मुळ्या कुटून केलेल्या मातकट पेयाची, करवंटी खाली ठेवली.

"एकट्या तेतरीचंच चुकलं?"

पंडितांनी मला काखेत आणखी आवळले.

"माझ्या तिन्ही सुना तुम्हीच जुळवल्यात."

"हो. पत्रे दरसालचे वेगळे, पण चूक तीच."

"आणि वस्तीतल्या बाकीच्यांच्या?"

"त्यांच्याही पाहाव्या लागतील."

"थोरलीला सातवा महिना लागलाय, पंडितजी. तिला जाऊन काय सांगू? बाई गं, तुझा नवरा चुकून तुझ्या पदरात पडला? धाकट्याला मूल नाही, तो तर उद्या बायकोला माहेरी धाडेल, निमित्तच शोधतोय मेला." जोखनचा आवाज खाली आला. "एका पोरीसाठी साऱ्या गावाचे संसार उसवू नका."

मग मुंगिया बोलली. कोणाकडे न बघता.

"सत्तावीस दिवस मी तिला यांच्यापासून लपवली. रडायला लागली की तोंडावर हात ठेवायचे, यांना आवाज जाऊ नये म्हणून. एवढ्याशा जिवाच्या तोंडावर. ते सगळं उगाच?"



"मुंगिया, तुझं काय म्हणणं आहे?" पंडितांनी विचारले.

"तेव्हा नक्षत्र मला विचारून ठरवलं होतं का? मग आज कशाला विचारता?"

"तू पीठ मळ," जोखन म्हणाला. "पंडितजी, शब्द देऊन झालाय. तुम्ही काही बोलला नाहीत, आम्ही काही ऐकलं नाही."

पंडित उठले. मित्रांनो, पुढचे मी सांगू नये, ते माझे धनी होते. पण मी त्यांच्या काखेत होतो. येताना ती काख लाकडासारखी आवळलेली होती. परत जाताना उसाच्या वाटेला लागलो आणि ती सैल झाली. त्यांना सुटल्यासारखे वाटत होते.

चार दिवसांनी सकाळीच तेतरी आली. हाताला हळद लागलेली होती.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग?"

पंडितांनी मला उघडून मांडीवर घेतले. त्यांचे बोट चारवर होते. तेवढे बोट त्यांनी तिच्यासमोर शेवटच्या पानावर नेले असते, तर!

"आश्लेषाच आहे, पोरी. सूर्य इकडचा काय आणि तिकडचा काय, एकच."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी अक्षरे लागत होती, हिशेब लागत नव्हता.

"बरं," ती म्हणाली. वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच वाकलेली असताना विचारले, "पंडितजी, तुमचे पाय का कापताहेत?"

"म्हातारपण."

पुढच्या शुक्रवारच्या बोटीने ती तवेउनीला गेली. बोट सुटल्याचा भोंगा मी ऐकला. पंडित किनाऱ्यावर गेले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली, थुंकीने तिचे टोक ओले केले आणि त्या तारखेच्या चारपुढे लहान अक्षरात लिहिले: अधिक सोळा. मग मला पेटीच्या तळाशी, सगळ्यांच्या खाली ठेवले. त्यांनी पुढेही लग्ने लावली. नव्या पंचांगांवर ते सोळा मिळवत होते की नाही, मला माहीत नाही; तळाशी तेवढे ऐकू येत नाही.

पंडित वारले. पेटी विकली गेली आणि आमची रद्दी एका दुकानाच्या माळ्यावर आली. माझ्या भावंडांत शेंगदाणे बांधून गेले. माझ्या पानांची इतकी जाळी झाली आहे की ती पुडीलाही चालत नाहीत, म्हणून मी उरलो.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूने म्हणायचे असते, आम्हाला जपा, वाळवीपासून वाचवा. मला आता जपू नका. एवढेच करा, कोणतेही छापलेले पान कोणाच्या आयुष्यावर ठेवण्याआधी ते कुठल्या सूर्योदयाचे आहे, ते पहिल्या पानावर वाचा. आणि तुमच्यापैकी कोणी तवेउनीला गेलेच, तर नारळाच्या बागांमध्ये तेतरीची चौकशी करा. ती असली तर फार म्हातारी झाली असेल. तिला सांगा, दहाचा भोंगा झाला तेव्हा चंद्र पुष्यातच होता, आणि आणखी चार तास तिथेच राहणार होता.