वाकड्या तुळईखाली बसलेली सूयुन

मी एक जुनी तुळई आहे, मित्रांनो, आणि तीही वाकडी. फन नदीच्या खोऱ्यातल्या जलदेवाच्या देवळात मी आडवी पडून छपराच्या दर्शनी भागाचा भार पेलते. माझा लाल रंग केव्हाच उडाला. पोटाला एक लांब चीर आहे. ती पाहून लोक विचारतात, ही अजून मोडली कशी नाही? त्याचीच गोष्ट सांगते.

मोठा धरणीकंप झाला तेव्हा मी नदीकाठी उभं झाड होते. जुनं देऊळ त्या दिवशी कोसळलं. धूप लावायला आत गेलेला गावातल्या सूयुनचा नवरा परत आला नाही. त्यानंतर ती कौलारू छपराखाली पाऊल टाकेना. देवळाच्या आवारात चटयांची झोपडी करून राहू लागली. "चटई अंगावर पडली तर माणूस मरत नाही," असं म्हणायची.

देऊळ पुन्हा बांधायचं ठरलं, पण खोऱ्यातली सरळसोट झाडं मंगोल बादशहाच्या नव्या राजधानीसाठी केव्हाच तोडून नदीतून नेली होती. मागे उरलो आम्ही कुबडी झाडं. सूयुनचा धाकटा भाऊ शुगन हा मुख्य सुतार. त्याने मला निवडलं. तासून सरळ करायचा हट्ट धरला नाही. साल काढली आणि कुबड वर करून मला चढवलं.

"तुळई आणलीस की उंट?" मजूर हसले.

"मग भार कोण वाहतं? उंटच ना?" शुगन म्हणाला.

तेवढ्यात त्या भागाचा मंगोल अधिकारी येसुदेर पाहणीला आला. समोरचे दोन खांब काढून टाका, म्हणाला. "एवढी माणसं उत्सवाला येणार आणि खांबांची पाठ बघणार? आमच्या तंबूत खांबांची अशी गर्दी नसते!"

"सरदार, तंबूवर कौलं नसतात," शुगन पुटपुटला. पण हुकूम तो हुकूम. दोन खांबांचा भार आता एकट्या माझ्यावर येणार होता.

उत्सवाच्या आदल्या दिवशी त्या खांबांच्या जागी माझ्याखाली लावलेले दोन तात्पुरते टेकू काढायचे होते. पहिला निघाला. मी खाली दबले आणि कडाड आवाज झाला. माझं पोट चिरलं होतं. वरून माती गळू लागली. मजूर किंचाळत बाहेर पळाले. शुगन मात्र हलला नाही. दुसऱ्या टेकूच्या पाचरी तो सैल करत असतानाच भार अचानक तिकडे सरकला होता आणि त्याची बोटं पाचरींत चिमटली गेली होती.

"टेकू कापा! करवत आणा!" येसुदेर दारातून ओरडला.

"नको! एकदम सोडलंत तर ही तुळई फाटेल," शुगन कण्हत म्हणाला. "पाचरी हळूहळू ठोका. एकदा इकडून, एकदा तिकडून."

कोणी पुढे येईना. मित्रांनो, भीती फक्त माणसांनाच वाटते असं समजू नका. माझा धागा न् धागा थरथरत होता.

मग उंबरा ओलांडून सूयुन आत आली. हातात हातोडा होता.

"ताई, तू बाहेर थांब!"

"गप बस. ते आत गेले तेव्हा बाहेरच थांबले होते मी."

ती ठोकू लागली. प्रत्येक घावासरशी थोडा भार माझ्यावर उतरत होता. टेकू डुगडुगला. तेव्हा येसुदेरने टोपी फेकली, आत धावला आणि टेकूला खांदा लावला. आणखी एक घाव. माझी दोन्ही टोकं खांबांत घट्ट रुतली, कुबड ताणलं गेलं आणि करकर थांबली.

शुगनचा हात सुटला. दोन बोटं चिरडली होती. सूयुनने बाही फाडून ती बांधली आणि वर पाहिलं.

"आता ही पडली तर?"

"नाही पडणार."

"तुला खात्री आहे?"

शुगनने माझी चीर नीट निरखली. मग म्हणाला, "आहे असं वाटतं. पण ताई, तू इथे बसलीस तर बाकीचे आत येतील."

ती बसली. दुसऱ्या दिवशी नाटकवाले आले, ढोल वाजले, पण लोक दारातूनच आत डोकावत राहिले. सूयुन माझ्याखाली मांडी घालून ज्वारीची भाकरी खात होती. एक म्हातारी आत आली. मग तिच्या सुना. मग सगळं खोरं.

पुढे कितीतरी पिढ्या माझ्याखाली बसल्या. मग राज्यं बदलली. सैनिकांनी इथे चुली पेटवल्या, मी काळवंडले. वटवाघळं आली, माणसं कमी झाली. परवापर्यंत एका फुटक्या कौलातून माझ्या टोकावर पाणी ठिबकत होतं. कोणीतरी चढलं आणि ते कौल बदललं. कोण होतं, मला दिसलं नाही.

मित्रांनो, जुन्या वास्तूला नुसते हार घालू नका. वर्षातून एकदा शिडी लावून छपरावर चढा. लाकूड कुरकुरायला लागतं तेव्हा पाणी आत शिरून फार काळ लोटलेला असतो.