तळाची बाटली

विहिरीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. वस्तीत नव्यानं आलेल्या महाराजांनी वरवरच्या पाण्यानं तांब्या भरला, घोट घेतला आणि डोळे मिटले. "गोड."

समुद्र वस्तीत घुसल्यापासून खारट झालेली विहीर आठवडाभराच्या पावसानंतर खरंच गोड लागत होती. "पंप बंद ठेवा," महाराज म्हणाले. "भांडं खोल बुडवू नका. खाली समुद्रदेव झोपलाय. डोक्याला लागेल त्याच्या."

देवाच्या टाळूची एवढी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती. वस्तीसाठी टेकडीवर बांधलेल्या नव्या घरांकडे सामान न्यायला आलेला ट्रक लोकांनी रिकामा परत पाठवला.

होड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीची बायको पोटुशी होती, पाय सुजलेले. खाऱ्या पाण्यानं रक्तदाब चढतोय, टेकडीवर नळ आहे, तिकडे जा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मेस्त्रीची आई म्हणाली, "देवानं दारात गोड पाणी दिलंय आणि राणीसाहेब निघाल्या टेकडीवर."

हळूहळू पाणी पुन्हा खारट झालं. मेस्त्रीच्या बायकोला झटके आले. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. पोटातलंही गेलं.

महाराजांनी विहिरीवर सगळ्यांना बोलावलं. "त्या बाईनं भांडं खोल बुडवलं. देव कोपला. ती गेली, पाणी नासलं." बायका माना डोलवू लागल्या. आई सगळ्यांत आधी.

मेस्त्री उठला. बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीला त्यानं दगड आणि दोरी बांधली, बुचाला वेगळी दोरी लावली. बाटली तळाशी सोडून बुचाची दोरी ओढली. भरलेली बाटली वर काढून महाराजांपुढे धरली. "घ्या. देवाच्या उशाचं."

"आज माझं मौन आहे," महाराज म्हणाले.

शेजाऱ्यानं घोट घेतला आणि थुंकला. "मीठ आहे नुसतं."

"हे खाली होतंच," मेस्त्री म्हणाला. "नर्सबाईंनी मला समजावलं. पावसाचं पाणी हलकं, ते वर साचलं. समुद्राचं जड, ते तळाशी. पंपानं दोन्ही ढवळली असती, म्हणून पंप बंद. वरचं गोड आपण उपसून संपवलं. हे महाराज नसते आले तरी पाणी असंच गोड होऊन खारट झालं असतं. फक्त ट्रक रिकामा गेला नसता."

महाराज चपला शोधू लागले. आई हळूच म्हणाली, "म्हणजे तिनं भांडं बुडवलं नाही?"

"तिला वाकताच येत नव्हतं, आई. पाणी मी भरायचो. वरवरचं, हे सांगतील तसं."

मेस्त्रीनं बाटली कठड्यावर ठेवली.

"ही इथेच राहू दे. पुढचा कुणी महाराज आला की पाया पडायच्या आधी ही तळाला सोडा. आणि ट्रक बोलवा. ज्यांना दिवस गेलेत, त्यांना आधी चढवा."