ऐकून खाल्लेला पाव

तिने टोपलीतला पावाचा तुकडा उचलला, उलटा करून तळ पाहिला, मधोमध बोटाने दाबला, खळगा परत भरून येतो का ते निरखलं आणि तुकडा होता तसा टोपलीत ठेवून दिला.

"तळ चांगला भाजलाय," ती म्हणाली.

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग काही नाही. भाजलाय चांगला."

तिने आपल्या उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरलं आणि मीठदाणी कपाशेजारी ठेवली. नवऱ्याचं अंडं केव्हाच संपलं होतं. टरफलांची वाटी पुढ्यात घेऊन तो तळ्याकडे बघत बसला होता. चार दिवसांच्या सुट्टीतली ही दुसरी सकाळ. ते उतरले होते त्या तळ्याकाठच्या घराच्या मालकीणबाई पाहुण्यांसाठी रोज सकाळी स्वतः पाव भाजत. काल यांची टोपली भरलेलीच परत गेली, तेव्हा पाव कच्चा राहिला का, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं.

कच्चा नव्हता. पाव कच्चा की पक्का हे तिला नुसत्या वासावरून कळे. पाव-बिस्किटांच्या कारखान्यात ती चव तपासणारी होती. तिथे तिला सगळे 'जीभ' म्हणत. 'जीभ रजेवर आहे, माल थांबवा,' असं मॅनेजरसुद्धा म्हणे. दिवसाला वीस-बावीस नमुने. घास चावायचा, नाकाने श्वास सोडायचा, स्टीलच्या पेल्यात थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि तक्त्यावर गुण लिहायचे. पूर्वी त्यातला थोडाफार घशाखाली जाई. गेल्या सात महिन्यांत कणभरही गेला नव्हता.

रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. पाव, भात, गोड सगळं बंद करून बघा. नाहीतर गोळी सुरू करू. गोळी चांगली आहे, फक्त काहींच्या तोंडाला धातूची चव राहते, सगळ्यांच्या नाही, असं त्या सहज म्हणाल्या. 'सगळ्यांच्या नाही' हे तिला ऐकूच आलं नाही. त्याच दिवशी तिने घरातले पिठाचे डबे शेजारी देऊन टाकले. परत गेल्यावर सोमवारी पुन्हा रक्त तपासायचं होतं.

नवऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर जिने चढायचा, दगड पचवणारा माणूस. पण त्यानेही तिच्यासोबत पाव सोडला. पॅन्ट ढिली झाली तेव्हा ड्रिलने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. रोज संध्याकाळी ती घरी आली की विचारायचा, "आज काय होतं?" मग ती भाजीबरोबर पनीर परतता परतता सांगायची. आज गव्हाचा पाव होता, आधी नुसता खमंग लागला, मग जिभेच्या कडांना किंचित आंबट, शेवटी कडेचा करपट कडूपणा, तोही हवाहवासा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि कधीकधी म्हणायचा, "पोट भरलं."

सुट्टीत पथ्यालाही सुट्टी, असं दोघांनी बॅग भरताना ठरवलं होतं. रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीला चार दिवसांनी फारसं काही होत नाही, हे गणित तिला पाठ होतं. भीती गणिताची नव्हती. एकदा घास घशाखाली उतरला की सोमवारपासून ही जीभ पुन्हा तो पेल्यात टाकू देईल का, याची होती. दिवसाला वीस-बावीस वेळा.

"तुम्ही खा हो," ती म्हणाली. "तुम्हाला काय धाड भरलीय?"

"तू खाल्लंस तर खाईन."

"बाईंना वाईट वाटतं."

"मग त्यांच्यासाठी तू खा."

ती थोडा वेळ चमच्याशी खेळत राहिली. मग टोपली त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "असं करा. तुम्ही खा आणि मला सांगा. सात महिने मी सांगतेय. आता तुमची पाळी."

त्याला हे अनपेक्षित होतं. पण त्याने तुकडा घेतला, त्याला लोणी लावायला लागला. ती मुद्दामच चहाची किटली आणायला आत गेली. परत आली तेव्हा निम्मा तुकडा संपला होता.

"हं. सांगा."

"गरम आहे."

"ते मलाही दिसतंय. पुढे?"

"वर कडक. आत मऊ." त्याने विचार केला. "दार नीट लागतं, मजल्यावर बरोबर थांबतो, हिसका कुठेच नाही."

"मी लिफ्टचं नाही विचारलं."

"लिफ्ट यापेक्षा अवघड असते."

"आधी काय लागतं? शेवटी काय उरतं?"

त्याने डोळे मिटून प्रामाणिकपणे चावलं. "शेवटी पाव उरतो," तो म्हणाला.

ती इतकी हसली की कपातला चहा बशीत सांडला. "असं सांगतात का कुणी," म्हणत तिने टोपलीतल्या दुसऱ्या तुकड्याचा घास तोडला आणि तोंडात टाकला.

चावला. नाकाने श्वास सोडला. मग सवयीने हात पुढे गेला, आणि तिथे पेला नव्हता.

नवऱ्याने टरफलांची वाटी तिच्याकडे सरकवली आणि मान वळवून तो तळ्याकडे बघू लागला. वाटी हातात धरून ती क्षणभर तशीच बसली. मग तिने घास गिळला आणि वाटी खाली ठेवली.

"मीठ नाहीये," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बाई आज मीठ घालायला विसरल्या."

"असं?"

"निम्मा तुकडा खाल्लात आणि कळलं नाही?"

"आम्ही अडाणी माणसं."

मग तिने सांगितलं. मीठ नसल्यामुळे गव्हाचा मूळचा गोडवा उघडा पडलाय, आंबवणं अगदी वेळेवर थांबवलंय, जिभेच्या मागे कच्च्या शेंगदाण्यासारखं काहीतरी रेंगाळतंय. तो ऐकत आणि चावत होता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपला हात टोपलीकडे गेलेला नाही. तिने जरा थांबून पाहिलं. तरी गेला नाही.

घरमालकीणबाई आल्या, मोडलेला तुकडा पाहून खुलल्या, कसा झालाय म्हणाल्या. भाजलाय उत्तम, मीठ तेवढं राहिलंय, असं तिने सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून चार टेबलं खाऊन गेली, मेल्यांपैकी एकाने तोंड उघडलं नाही, असं पुटपुटत त्या आत गेल्या.

ती बशा गोळा करू लागली. नवऱ्याच्या बशीत शेवटचा घास उरला होता. त्यावरच्या लोण्यात मिठाचे तीन-चार दाणे चमकत होते. तिने आपल्या कपाशेजारी पाहिलं. मीठदाणी तिथे नव्हती. ती नवऱ्याच्या कोपरामागे, घडी घातलेल्या रुमालाच्या आड होती.

तो अजून तळ्याकडेच बघत होता, एखादं मशीन चालू होण्याची वाट बघावी तसा.

तिने मीठदाणी उचलली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"उद्याही तुम्हीच खा आणि सांगा," ती म्हणाली. "पण काही गाळू नका."

"नाही गाळणार," तो म्हणाला आणि त्याने उरलेला घास तोंडात टाकला.