बर्फाच्या कप्प्यातली बाटली

बायको गेल्यावर घड्याळजीच्या घरात तिची मांजर तेवढी उरली होती. तिला साखरेचा आजार जडला, तेव्हा इन्सुलिन टोचायचं काम त्याने आनंदाने अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, बरोब्बर दोन युनिट; सगळा जन्म बारीक काट्यांशी खेळण्यात गेलेला, त्यामुळे हात कधी हलला नाही. तरी महिन्याभरात मांजर वाळून काडी झाली, तेव्हा तो तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आला.

"काका, बाटली ठेवता कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बर्फाच्या कप्प्यात. खराब व्हायला नको ना! टोचण्याआधी मुठीत धरून वितळवतो."

बाई हळूच म्हणाल्या, "गोठलं की ते वाया जातं, काका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं होतं."

"मग नवीन द्या की!"

"आता फार उशीर झालाय. आतून सगळं खचलंय."

"पण माझं माप एकदाही चुकलं नाही हो," तो पुटपुटला. रोज दोनदा सुई खाऊन तिने कधी साधं नखसुद्धा काढलं नव्हतं.

दुपारी त्याच्या मांडीवरच तिने मान टाकली. बाईंनी रिक्षा बोलावली, पण त्याला घरी जायला उठवेना.