लंडनहून आणलेलं चित्र

जपानमधल्या नागोयात मोठ्या कचऱ्याच्या दिवशी लोक धडधाकट वस्तू कोपऱ्यावर ठेवून देतात, आणि आपली मंडळी उजाडायच्या आत त्या गुपचूप उचलतात. ज्ञानदाचा टीव्ही तिथलाच, टेबलही तिथलंच. पहिल्यांदा लाज वाटली होती, मग सवय झाली. एकदा तिथे चौकटीतलं चित्र सापडलं. इंग्लंडातलं शेत, ओढा, दाटून आलेले ढग, सगळं काळ्या-पांढऱ्यात. काळा रंग तर असा मखमली की हात फिरवावासा वाटावा. तिने ते बैठकीत लावलं.

दिवाळीच्या फराळाला तिने मंजुषाला बोलावलं. मंजुषा जपानी फाडफाड बोलायची आणि तेवढ्याच ऐटीत वावरायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ओकुमुरा-सानही आल्या.

"अय्या, काय क्लासिक आहे गं! कुठून घेतलंस?" मंजुषाने विचारलं.

कचऱ्यातून, असं सांगायला ज्ञानदाची जीभ रेटेना. तिने नवऱ्याचं नाव पुढे केलं. "लंडनहून. प्रसन्न ऑफिसच्या कामाला गेला होता ना, तेव्हा."

मंजुषाने ते लगेच ओकुमुरा-सानना जपानीत ऐकवलं. कुणी सांगितलं होतं हिला!

ओकुमुरा-साननी हातातली चकली बशीत ठेवली. त्या सावकाश बोलू लागल्या आणि मंजुषा मराठीत सांगत गेली. "याला मेझोटिंट म्हणतात. बहुतेकदा रंगीत चित्रावरून करतात. तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करायचा, म्हणजे छापला तर नुसता काळा. मग हवा तिथे घासून घासून उजेड काढायचा. त्या झाडाखाली, अंधारात, एक कुत्रा आहे."

ज्ञानदा उठून जवळ गेली. कुत्रा होता. इतक्या महिन्यांत तिला तो दिसला नव्हता, आणि ओकुमुरा-सान खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चष्म्याशिवाय बसल्या होत्या. म्हणजे चित्र त्यांच्याच घरातलं!

"सुंदर आहे," एवढंच म्हणून ओकुमुरा-साननी चकली संपवली. मंजुषाला काहीच कळलं नाही.

पुढच्या मोठ्या कचऱ्याच्या दिवशी कोपऱ्यावर, मोडक्या पंख्याशेजारी, स्वच्छ कापडात बांधलेली चौकट होती. वर पावसासाठी प्लास्टिक घातलेलं. ज्ञानदाने गाठ सोडली. तोच ओढा, तीच झाडं, फक्त आता चांदणं पडलेलं. चित्रं जोडीची होती. दुसरं तिच्या दाराशी नव्हे, ती जिथून उचलते तिथे ठेवलं होतं.

ती तशीच ओकुमुरा-सानच्या दारात गेली.

"लंडन नाही," ती मोडक्या जपानीत म्हणाली. "कचरा. मी."

"माहीत आहे," ओकुमुरा-सान तिला कळेल अशा सोप्या जपानीत म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही ते ओढणीत गुंडाळून नेलंत. मी खिडकीत होते. माझ्या गेलेल्या यजमानांचं आवडतं चित्र कुणीतरी जपून नेतंय, म्हणून मला फार बरं वाटलं होतं."

त्या रागावल्या असत्या तर ज्ञानदाला मान वर करता आली असती.