बाबलीच्या मशीनचा कौल

"तू ऑईल घालूकच नाय! नुसत्या पेट्रोलार चलयलंस!" जयराम पेंडुरकर पडवीतून ओरडला.

"घातलंय!" खळ्यातला बाबली त्याच्या वर ओरडला. "सोमवारी चल देवळात. कौल लावया. खरा काय तां देवच सांगतलो."

बाबली झाडे तोडून पोट भरणारा माणूस. सत्त्याऐंशी साली त्याने गोव्यातल्या एका ठेकेदाराकडून पेट्रोलवर चालणारी जुनी करवत आणली. मशिनी दुरुस्त करणाऱ्या जयरामने महिनाभर खपून ती नव्यासारखी केली, आणि आठव्या दिवशी पिस्टन जाम! असल्या इंजिनाला पेट्रोलात ऑईल मिसळून द्यावे लागते. विसरलात की मेलात. त्या मोसमात जाम झालेली ही तिसरी मशीन. आंब्यावर फवारणी करणाऱ्या दोन पंपवाल्यांनाही जयरामने असेच झापले होते, आणि ते बिचारे मुकाट परत गेले होते. बाबली मुकाट जाणाऱ्यांतला नव्हता. कौलात मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की माणूस खरा, डावीकडून पडली की खोटा. आणि खोटा ठरलेल्याला मग गावात मान वर करता येत नाही.

जयरामला त्याची फिकीर नव्हती. कट्टा गावात माणसांचे डॉक्टर दोन होते, मशिनींचा हा एकच. थेट दोडामार्गाहून लोक एसटीत मशिनी घालून त्याच्या घरी यायचे. कार्बुरेटरचा स्क्रू तो डोळे मिटून फिरवायचा. स्क्रू जास्त आवळला गेला की पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि आवाजात एक बारीक शीळ शिरते. ती ऐकू आली की स्क्रू जरा मागे घ्यायचा. त्याची सगळी विद्या एवढीच, आणि ती कानांत होती.

रविवारी दुपारी त्याने करवतीच्या टाकीतले उरलेले पेट्रोल वर्तमानपत्रावर ओतले. उद्या गुरवासमोर तो बिनडागाचा कोरडा कागद पुरावा म्हणून नाचवायचा होता. पेट्रोल उडून गेले. कागदावर तेलाचा हा एवढा मोठा डाग राहिला.

खरे तर ही तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते. पण चूक आपली असू शकते हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. ऑईल होते, म्हणजे मशीन जळाली ती जास्त आवळलेल्या स्क्रूने, आणि ती शीळ त्याला ऐकू आली नव्हती.

त्याने बायकोला, यशोदाला, हाक मारली आणि घरचा फवारणीचा पंप चालू केला.

"मी स्क्रू आवळतंय. शीळ वाजाक लागली की हात वर कर."

स्क्रू पाव फेरा फिरला नाही तोच यशोदाचा हात वर गेला. जयरामला नुसती घरघर ऐकू येत होती. त्याने आणखी आवळले. तिचा हात वरच. इंजिनाची धग तोंडावर येऊ लागली, तरी त्याच्या कानांत तीच घरघर. त्याने पंप बंद केला.

"कधीपासून गो?"

ती त्याच्या कानाशी वाकली. "दोन वर्सां झाली. मी बोलतंय तां तुमका आयकाक येणा नाय. पन मशीन चालू केलास की तुमी हसतास. म्हटलां, मशीनचा तरी आयकाक येत आसतला."

त्या दोन पंपवाल्यांचे चेहरे जयरामला आठवले. तो पडवीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सोमवारी देवळात गुरवाने पाकळ्या लावायला हात उचलला, तसा तो पुढे झाला.

"कौल नको. बाबलीन ऑईल घातलेला. चूक माझी. माझे कान गेले."

आपण हळू बोललो असे त्याला वाटले. पण सभामंडपातल्या बायका दचकून वळल्या, म्हणजे ओरडलोच असणार.

बाबली जवळ आला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला, "जाऊं दे रे जयरामा. मशीन तुझ्याकडेच ऱ्हवांदे. तूच नीट कर. दुसरो कोण आसा आमका?"

जयरामला हलणारे ओठ तेवढे दिसले. शिव्या असतील, आणि त्याही कमीच, असे समजून त्याने हात जोडले.

"काय म्हणालो तो?" पायऱ्या उतरताना त्याने सोबत आलेल्या यशोदाला विचारले.

यशोदा थांबली. खरे सांगितले तर हा उद्या पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणार, आणि पुन्हा कोणा गरिबाची मशीन जळणार. तिने त्याच्या कानाशी तोंड नेले.

"मशीन परत न्हेतंय म्हणालो."

देवळाच्या पायरीवर ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलली.

जयरामने मान हलवली.

"बरां केल्यान," तो म्हणाला.