श्वास आत ओढून

एफुआ घानाहून आमच्या खाडीवरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि माझ्याकडे खोली घेऊन राहिली. तिचं इंग्रजी पुस्तकातलं, आमचं मासे चिरता चिरता घडलेलं. कोणी काही म्हटलं की ती विचारायची, "पुन्हा सांगता का?" लोक हसायचे. आम्ही न्यूफाउंडलंडची माणसं पाहुण्याला डोक्यावर घेऊ, पण टिंगल केल्याशिवाय नाही.

माझा थोरला भाऊ एलाम त्यात सगळ्यांच्या पुढे. थंडी सुरू झाली तशी त्याला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणायचा, "तिला माझं बोलणं कळत नाही, दुखणं काय कळतंय गो?" मेला हट्टी. मी हात टेकले, पण काळजी काही सुटेना.

एफुआ मात्र रुसली नाही. धक्क्यावर जाऊन बसायची, दुकानात उगाच रेंगाळायची आणि घरी येऊन माझं डोकं खायची. "मेल्विनामावशी, दुकानातला गार्लंड बोलताना मध्येच घाई का करतो? एलाममामा वाक्याच्या शेवटी आवाज वर का नेतात?" आता मला काय ठाऊक? जन्मभर ऐकत आले, कान देऊन कधी ऐकलंच नव्हतं.

नाताळ झाला आणि रिवाजाप्रमाणे सोंगं दारात आली. तोंडावर उशीचे अभ्रे, बाया गड्यांच्या कपड्यांत, गडी बायांच्या झग्यांत. आवाज ओळखू येऊ नये म्हणून सगळे श्वास आत ओढत बोलतात. घरच्यांनी बरोबर नाव घेतलं की अभ्रा काढायचा आणि केक खायचा. एफुआला तर मेजवानीच मिळाली. दोघांना तिने माझ्याआधी ओळखलं.

राहिलं एक उंच सोंग, पांढऱ्या झग्यातलं, चुलीजवळच्या भिंतीला टेकून उभं.

"ओळख... बघू... मला," ते म्हणालं.

"सायलस," मी म्हटलं. त्याने मान हलवली. "मग बर्ट." पुन्हा नाही. सगळे हसले, मीही हसले.

एफुआ हसत नव्हती. ती त्याच्याजवळ गेली. "आणखी बोला."

"काय... बोलू... पोरी?"

"बाकीचे श्वास ओढून बोलत होते," ती म्हणाली. "यांना श्वास पुरत नाहीये. एलाममामा, अभ्रा काढा."

अभ्रा निघाला. ओठ निळे पडले होते. माझा सख्खा भाऊ माझ्या चुलीपाशी गुदमरत होता आणि मी हसत होते. लाज वाटली मला.

त्याला खुर्चीत बसवलं. एफुआने बॅग उघडून छातीला लावायची नळी काढली. मी झग्याची पाठीवरची बटणं सोडवायला गेले तर एकही सुटेना.

"बटणं ऱ्हाऊ दे गो, मावशी. फाड तो," एफुआ म्हणाली.

आमचीच बोली, आमच्याच ठेक्यात. पण तेव्हा त्याकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती? मी दोन्ही हातांनी झगा फाडला.